रात्री वाजवा, रविवारी ॲम्प उघडा : घरच्या स्टुडिओतला रीॲम्प बॉक्स

पुण्यात कर्वेनगर, धायरी किंवा वाकडमधल्या एखाद्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या गिटारवादकाचा दिवस ऑफिसात आणि ट्रॅफिकमध्ये जातो. जेवणं उरकून घर शांत झालं की रात्री साडेदहा-अकराला गिटार हातात येते. बोटं तेव्हाच मोकळी होतात, दिवसभर डोक्यात घोळलेली चाल तेव्हाच सापडते, आणि नेमका तेव्हाच कोपऱ्यातला ॲम्प चालू करता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर नुसत्या १ वॉटवर, एक मीटर अंतरावर, ९७ डेसिबलच्या आसपास आवाज काढतो. लहान म्हणून घेतलेला ५ वॉटचा ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबवर चालणारा) पूर्ण उघडला तर त्यात आणखी ७ डेसिबलची भर पडते. भिंत त्यातलं बरंच अडवते, खिडकी फार थोडं.

आवाज बारीक ठेवून भागत नाही. ट्यूब ॲम्पचा तो दाणेदार, कडेला किंचित फाटणारा सूर पॉवर ट्यूब आणि स्पीकर दोघांवर ताण आला की मगच येतो. म्हणजे वाजवायची वेळ रात्रीची आणि ॲम्प उघडायची वेळ दिवसाची, अशी ही अडचण आहे. रीॲम्पिंग या दोन वेळा एकमेकींपासून सोडवतं, आणि फ्लॅटमध्ये राहून खऱ्या ॲम्पवर जीव असणाऱ्यांसाठी मला त्याचं मोल याच कारणासाठी सर्वांत जास्त वाटतं.

पद्धत अशी. रात्री गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या आणि बाहेर आणणाऱ्या यंत्राला, लावायची, हेडफोनवर ऐकत वाजवायचं आणि तारांचा कोरडा सिग्नल, कुठलाही इफेक्ट न लावता, रेकॉर्ड करायचा. याला डीआय ट्रॅक म्हणतात. नुसता ऐकला तर तो पातळ आणि निर्जीव वाटतो, त्याने घाबरून जायचं नाही. मग रविवारी सकाळी अकराला तोच ट्रॅक इंटरफेसच्या आउटपुटमधून बाहेर काढून ॲम्पला द्यायचा, स्पीकरसमोर माइक लावायचा आणि ॲम्पचा आवाज नव्या ट्रॅकवर घ्यायचा. ॲम्पच्या दृष्टीने समोर कुणीतरी बसून वाजवतंयच. इंटरफेस आणि ॲम्प यांच्या मधे जी धातूची छोटी डबी बसते ती म्हणजे रीॲम्प बॉक्स.

पुण्यात याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो पावसाळ्यात कळतो. गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. त्या परिसरात संध्याकाळी माइक लावून काही रेकॉर्ड करणं अवघड, कारण माइकला ढोल गिटारइतकाच स्पष्ट ऐकू येतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला मात्र तो जवळजवळ ऐकू येत नाही. पिकअप हवेतला आवाज टिपत नाही. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात पोलादी तार हलली की वीज तयार होते, तेवढीच त्याला कळते. बाहेर ढोलावर टिपरू पडत असताना घेतलेला डीआय ट्रॅक पूर्ण स्वच्छ असतो. माइकचं काम पुढे शांत वेळ बघून करता येतं.

कल्पना जुनी आहे. १९४७ मध्ये शिकागोत बिल पुटनम या रेकॉर्डिंग इंजिनिअरने स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर ठेवून, तिथला घुमारा माइकने पकडून गाण्यात मिसळला होता. सिग्नल तारेतून बाहेर काढायचा, खऱ्या जागेत वाजवायचा, पुन्हा टिपायचा, हे बीज तिथेही दिसतं. गिटार ॲम्पसाठी खास डबी मात्र १९९०च्या दशकात बाजारात आली. गिटारवादक जो सॅट्रियानीबरोबर काम केलेल्या जॉन कुनिबर्टी या अमेरिकी इंजिनिअरने ती बनवली आणि रीॲम्प हे नाव तिच्यामुळे रूढ झालं. पुढे कॅनडाच्या रेडिअल इंजिनिअरिंग या कंपनीने ते नाव आणि उत्पादन विकत घेतलं.

डबीत नेमकं काय होतं

इंटरफेसच्या मागच्या आउटपुटमधून साधी केबल काढून थेट ॲम्पला लावली तर काय होईल? आवाज येईल. कधीकधी बराही येईल. म्हणूनच अनेकांना डबी हा नसता खर्च वाटतो. ती काय करते ते कळलं, तर आपल्याला ती हवी की नको हे स्वतःलाच ठरवता येतं.

सर्वांत जास्त बोललं जातं ते पातळीबद्दल. स्टुडिओतली लाइन पातळी म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट, आणि बरेच इंटरफेस पूर्ण जोरावर ४ ते ५ व्होल्टपर्यंत देतात. गिटारचा पिकअप काहीशे मिलिव्होल्ट देतो. हंबकरवर (दोन कॉइलच्या, जोरकस पिकअपवर) जोरात हात मारला तर क्षणभर १ व्होल्टच्या वर जातो. म्हणजे इंटरफेसचा सिग्नल कमी करावा लागणार. पण तो सॉफ्टवेअरमध्ये किंवा इंटरफेसच्या खुंटीवरही कमी करता येतो. नुसत्या पातळीसाठी डबी घ्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. डबीवरची खुंटी सोयीची असते, इतकंच.

खरा त्रास गुणगुणीचा. लॅपटॉप त्याच्या तीन पिनांच्या ॲडॅप्टरमधून अर्थला जोडलेला असतो, त्याला यूएसबीने इंटरफेस जोडलेला असतो आणि ॲम्प स्वतःच्या तीन पिनांच्या प्लगमधून त्याच अर्थला जोडलेला असतो. आता इंटरफेस आणि ॲम्प यांच्यामध्ये ऑडिओ केबल घातली की तिच्या बाहेरच्या तारेच्या जाळीमधून अर्थचं एक पूर्ण वर्तुळ तयार होतं. या वर्तुळात मेन्सचा ५० हर्ट्झचा सूक्ष्म प्रवाह फिरतो आणि तो ॲम्पमधून ५० आणि १०० हर्ट्झची घुमणारी हम् होऊन बाहेर येतो. गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, चढवला की सूर राहतो बाजूला आणि हम् पुढे येते. तुमच्याकडे हाच प्रकार आहे का ते तपासायला लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. हम् एकदम कमी झाली तर दोष या वर्तुळाचा.

यावर काहीजण ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात किंवा तीन पिनांचा दोन पिनांत बदल करणारा प्लग लावतात. हे कधीही करू नका. ट्यूब ॲम्पमध्ये काहीशे व्होल्ट डीसी असतात. आत काही बिघडलं तर ती अर्थ पिनच तुम्हाला वाचवते, आणि गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली थेट ॲम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. पेठांमधल्या जुन्या बांधकामांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थची तार जोडलेलीच असते असं नाही. ॲम्प लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. डबी विकत घेण्याच्याही आधी हा खर्च करा.

रीॲम्प बॉक्स ते वर्तुळ सुरक्षितपणे तोडतो. त्याच्या आत एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतो. तांब्याच्या दोन वेटोळ्या, एकमेकींना न चिकटलेल्या; सिग्नल एकीतून दुसरीत चुंबकीय क्षेत्रामार्फत जातो. डबीवरचा ग्राउंड लिफ्ट असं लिहिलेला खटका टाकला की ऑडिओ केबलच्या जाळीचा धागाही सुटतो. ॲम्पची अर्थ पिन जागच्या जागी राहते, फक्त ऑडिओतून जाणारी वाट बंद होते. पॅसिव्ह डबीत याखेरीज फारसं काही नसतं, तिला वीजही लागत नाही.

इम्पीडन्सची गोष्ट, आणि ती डबीच्या आधी का सुरू होते

रीॲम्प बॉक्सबद्दल वाचलं की ‘इम्पीडन्स जुळवतो’ हे वाक्य हमखास भेटतं आणि लेखक पुढे सरकतो. इम्पीडन्स म्हणजे सिग्नलला होणारा विजेचा अडथळा, ओहममध्ये मोजलेला. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण डीआय ट्रॅकचा दर्जा इथेच ठरतो.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा, तिच्यातून खाली येणारा पाइप अगदी अरुंद आहे. तळमजल्यावर नळ थेंबभर उघडलात तर टाकीचा पूर्ण दाब नळापाशी मिळतो. नळ पूर्ण उघडलात की पाणी वाहू लागतं आणि दाब त्या अरुंद पाइपमध्येच खर्च होतो. गिटारचा पिकअप ही अशी अरुंद पाइपची टाकी आहे. तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असल्यामुळे त्याचा स्वतःचा अडथळा साध्या मापानेही सहा-आठ हजार ओहम असतो, आणि सूर जितका वरचा तितका तो वाढत जातो. म्हणून गिटार ॲम्पचं इनपुट १० लाख ओहमचं, म्हणजे १ मेगाओहमचं ठेवतात. थेंबभर उघडलेला नळ. पिकअपचा सगळा दाब शाबूत राहतो. हीच गिटार १० हजार ओहमच्या साध्या लाइन इनपुटला लावली तर जवळजवळ निम्मा सिग्नल पिकअपमध्येच जिरतो आणि वरचे सूर त्याहून जास्त. आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येतो.

त्यामुळे डीआय रेकॉर्ड करताना इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं बटण दाबलेलं असलंच पाहिजे. तेव्हाच इनपुट १ मेगाओहमच्या आसपास जातं आणि पिकअपला ॲम्पसमोर असल्यासारखंच वातावरण मिळतं. तिथे हरवलेली चमक नंतर कुठलीही डबी परत आणू शकत नाही.

केबलचीही हीच गत. गिटारच्या केबलमध्ये दर मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) असतो आणि पिकअपच्या कॉइलबरोबर मिळून तो एका ठरावीक सुराला उठाव देतो. सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा) पिकअप सुमारे २.५ हेन्रीचा धरला तर ३ मीटरच्या केबलवर हा उठाव ५ हजार हर्ट्झच्या जवळ येतो, ६ मीटरच्या केबलवर ३८०० च्या जवळ. कानाला हा फरक स्पष्ट कळतो. स्टेजवर तुम्ही नेहमी लांब केबल वापरत असाल आणि तोच सूर हवा असेल, तर घरी डीआय घेतानाही तीच केबल वापरा. रीॲम्प करताना डबीपासून ॲम्पपर्यंतची केबल लांब असली तरी तितका फरक पडत नाही, कारण तेव्हा पिकअप मधे नसतो. इंटरफेसचं आउटपुट काहीशे ओहमचं आणि डबीचं फार तर काही हजारांचं असतं, ते ही केबल सहज पेलतं.

याचा अर्थ परतीच्या वाटेवर इम्पीडन्सचं महत्त्व बऱ्याचदा वाढवून सांगितलं जातं. थेट ट्यूब ॲम्पमध्ये जाताना डबीचं आउटपुट ५०० ओहमचं की ५ हजारांचं याने ऐकू येण्याजोगा फरक क्वचितच पडतो. मधे पेडल, म्हणजे सूर बदलणारी पायाखालची डबी, असलं तर गोष्ट वेगळी, विशेषतः जुन्या पद्धतीचं दोन ट्रान्झिस्टरचं फझ, म्हणजे सूर जाड फाडणारं पेडल. त्याचं इनपुट इतकं कमी ओहमचं असतं की ते पिकअपच्या कॉइलशी आणि गिटारच्या व्हॉल्यूम खुंटीशी मिळूनच आपला सूर घडवतं. व्हॉल्यूम थोडा कमी केला की फझ निवळतं, ती जादू या मिलाफातून येते. मजबूत आउटपुटने चालवलं की ते चरचरीत आणि कर्कश होतं. डबीच्या खुंटीमुळे येणारे काही हजार ओहम थोडी मदत करतात, पण कॉइलची जागा घेत नाहीत. माझा सल्ला असा की फझ रात्रीच, गिटार आणि इंटरफेसच्या मधे लावून रेकॉर्ड करा. ओव्हरड्राइव्ह, डिले, कोरस या इतर पेडलांना अशी खोड नाही, ते रविवारसाठी ठेवा.

रात्रीचं काम

पिकअप हम् करतोय का, तारा जुन्या होऊन मंद झाल्यात का, सूर लागलाय का, हे सगळं कोरड्या ट्रॅकवर फारसं जाणवत नाही. डिस्टॉर्शन मात्र बारीक आवाज उचलून वर आणतं, त्यामुळे डीआयमधली कुजबुज ॲम्पवर आरडाओरडा होते. सिंगल कॉइल असेल तर लॅपटॉपच्या चार्जरपासून आणि एलईडी दिव्याच्या डिमरपासून दूर बसा. खुर्ची थोडी वळवली तरी हम् कमी-जास्त होते. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत जोरकस ठोक्यालाही मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. एकदा टोक कापलं गेलं की ते कायमचं.

ऐकायला मात्र कोरडा सूर ठेवू नका. सॉफ्टवेअरमधला ॲम्प सिम्युलेटर फक्त ऐकण्यासाठी लावा, शेवटी जितका गेन हवाय साधारण तितकाच. हात कानाचं ऐकतो. स्वच्छ सुरावर वाजवताना आपण तारा जोरात छेडतो, टिकाव कमी म्हणून स्वर लवकर सोडतो. तोच ट्रॅक जाड गेनच्या ॲम्पमध्ये गेला की वादन घाईचं आणि उथळ वाटतं. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला त्याने २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो. इतर टप्पे धरूनही चांगल्या ड्रायव्हरवर वाजवायला अडचण येत नाही.

पातळी जुळवण्याची खात्रीची रीत

बहुतेक जण डबीची खुंटी कानाने, अंदाजाने लावतात. त्यापेक्षा चांगली रीत आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. डीआय रेकॉर्ड करताना इंटरफेसच्या गेन खुंटीवर खूण करून ठेवा. एक जोरकस कॉर्ड वाजवून मीटरचं शिखर टिपून घ्या, समजा उणे १०. आता गिटार काढा, रीॲम्प बॉक्सचं आउटपुट त्याच इनपुटला लावा, गेनला हात न लावता तो ट्रॅक बॉक्समधून वाजवा. बॉक्सची खुंटी फिरवत मीटर पुन्हा उणे १० वर आणा. झालं. गिटार जितके व्होल्ट देत होती तितकेच आता डबी देते आहे. खुंटीशेजारी पांढऱ्या टेपचा तुकडा लावून रेघ मारा.

मग बॉक्स ॲम्पला जोडला की तुमचा ॲम्प नेहमीच्या खुणांवर नेहमीसारखाच बोलतो, जिथे फाटायचा तिथेच फाटतो. ही जुळणी करताना त्या इनपुटचं मॉनिटरिंग बंद ठेवा; सॉफ्टवेअर येणारा सिग्नल पुन्हा त्याच आउटपुटला पाठवू लागलं तर क्षणात कर्णकर्कश शिट्टी सुरू होते, आणि हेडफोन कानाला असतील तर ती फार वाईट.

रविवार सकाळ

आदल्या दिवशी वरच्या काकांना आणि शेजारच्या वहिनींना सांगून ठेवा, की उद्या अकराला अर्धा तास आवाज होईल. वेळ ठरलेली असली आणि ती पाळली, की लोक समजून घेतात. आणि रीॲम्पिंगला अर्धा तास पुरतो, कारण वाजवणं आधीच झालेलं असतं. पाच मिनिटांचं गाणं रीॲम्प करायला पाच मिनिटंच लागतात. गुरुवार शक्यतो टाळा, देखभालीच्या कामासाठी वीज जायचा तो वार.

इंटरफेसला चार आउटपुट असतील तर १ आणि २ वर नेहमीचे स्पीकर राहू द्या आणि ३ मधून केबल बॉक्सला न्या. डीआय ट्रॅक थेट आउटपुट ३ ला पाठवा, मास्टर चॅनलमधून नाही, नाहीतर तिथला लिमिटर किंवा ईक्यू त्याच्यावर बसेल. रात्री ऐकण्यासाठी लावलेला सिम्युलेटर बंद केलाय ना, हे पाहा. ॲम्पमधून ॲम्पचा आवाज गेला की सगळं चिखल होतं. दोनच आउटपुटचा इंटरफेस असला तरी काम होतं, फक्त स्पीकरची केबल काढून ती जागा बॉक्सला द्यायची आणि ऐकायला हेडफोन वापरायचे. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नका, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता जे सुख मिळतं ते एकट्याने स्टुडिओ चालवणाऱ्यालाच कळेल. एरवी गिटार गळ्यात, दोन्ही हात गुंतलेले, माइक हलवायला कुणी नाही. आता डीआय ट्रॅकचे आठ बार लूपवर टाका, हेडफोन लावा आणि गुडघ्यावर बसून माइक हातात घ्या. शुअर एसएम ५७ असेल तर ॲम्पच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरा. हा माइक १९६५ पासून मिळतो आणि गिटार ॲम्पसमोर आजही तोच सर्वांत जास्त दिसतो. स्पीकरच्या शंकूच्या (कोनच्या) मध्यावर, तिथल्या गोल धूळटोपीसमोर, आवाज धारदार आणि टोचणारा. कडेकडे सरकवत गेलं की तो गोल आणि गडद होत जातो. दोन बोटांच्या अंतरात सूर इतका बदलतो की त्यापुढे ॲम्पवरच्या ट्रेबल-बासच्या खुंट्या गौण वाटतात. हा प्रवास गाणं वाजत असताना, त्याच वादनावर, सावकाश ऐकता येतो. माझ्या लेखी रीॲम्प बॉक्स विकत घेण्याचं दुसरं मोठं कारण हे. गाण्याच्या कडव्याला एक माइकची जागा आणि ध्रुवपदाला दुसरी, असंही करता येतं. एकाच वादनाचे दोन वेगळ्या ॲम्पवरचे आवाजही घेता येतात.

रेकॉर्ड झाल्यावर नवा ट्रॅक मूळ डीआयच्या शेजारी मोठा करून बघा. सॉफ्टवेअर ये-जा करायला लागणारा वेळ वजा करतं, पण ड्रायव्हरने सांगितलेल्या आकड्यावर विसंबून; तो दर वेळी अचूक नसतो. डीआयच्या सुरुवातीला एक टकटक ठेवून तीही ॲम्पमधून पाठवली की किती सॅम्पलचा फरक पडला ते दिसतं, तेवढा ट्रॅक मागे ओढायचा. लाटेचं पहिलं टोक एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसलं तर पोलॅरिटी उलटलेली आहे. डीआय आणि ॲम्प दोन्ही एकत्र वाजवणार असाल तर ती सरळ करा, नाहीतर खालचा भरीवपणा गायब होतो.

एक गोष्ट रीॲम्पिंग देऊ शकत नाही. ॲम्पसमोर उभं राहून लांबवलेला स्वर, स्पीकरच्या हवेने तार पुन्हा थरथरून येणारा फीडबॅक, हा गिटार आणि स्पीकर एकाच खोलीत, एकाच वेळी असल्याशिवाय येत नाही. गाण्यात तशी जागा असेल तर ती रविवारी प्रत्यक्ष वाजवा.

डबी कुठून आणावी, आणि कधी आणू नये

कुणाकडे पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या पातळीला आणणारी, वीज न लागणारी डबी) पडलेला असेल तर तो उलटा जोडून आधी प्रयोग करून बघा. एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या केबलच्या, बाजूने सिग्नल आत घालायचा, जॅकच्या बाजूने बाहेर काढायचा. डीआयमधला ट्रान्सफॉर्मर साधारण १२ ला १ असा असतो, म्हणजे उलटा लावल्यावर सिग्नल बारापट, २१ डेसिबलहून जास्त वाढतो. त्यामुळे इंटरफेसचं आउटपुट खूप खाली आणावं लागतं आणि त्याची सळसळही तितकीच वाढते. पण हम् तोडण्याचं काम होतं आणि आपल्याला हा खेळ रुचतो का ते कळतं. वीज किंवा इंटरफेसकडून माइकच्या केबलमधून येणारी फँटम पॉवर लागणारा ॲक्टिव्ह डीआय उलटा चालत नाही.

सोल्डरिंग येत असेल तर पॅसिव्ह डबी घरी बनवण्यासारखी आहे. खटके, जॅक, १० किलोओहमची खुंटी, धातूचा खोका हे सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलं की जमवता येतं. हात आखडू नये तो ट्रान्सफॉर्मरवर. टेलिफोनसाठी बनवलेले स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांवर लगेच अडखळतात आणि लो ई तार पोकळ वाजते. खास ऑडिओसाठीचा, चुंबकीय कवच असलेला घ्या. तयार झालेली डबी ॲम्पच्या डोक्यावर ठेवू नका, ॲम्पचा पॉवर ट्रान्सफॉर्मर तिच्यात हम् सोडतो. एक-दोन मीटर दूर, फरशीवर बरी.

तुमच्याकडे खरा ॲम्प नसेल आणि तो घेण्याचा विचारही नसेल, तर ही डबी घेऊ नका. डीआय ट्रॅकवर सॉफ्टवेअरमधला ॲम्प नंतर बदलणं हे त्याच कामाचं दुसरं रूप आहे आणि त्याला एकही केबल लागत नाही. आजचे सिम्युलेटर उत्तम आहेत. आवाज किंवा पेटी जिन्यात वाजवून घुमारा घ्यायचा असेल तरीही डबी नको. वीज लागणारे साधे मॉनिटर स्पीकर लाइन पातळीच घेतात, त्यातला एक जिन्यात नेऊन ठेवला की झालं. पेटी, सिंथ किंवा गळा गिटार ॲम्पमधून काढून किंचित खडबडीत करायचा असेल तर मात्र डबी हवी, आणि ते जरूर करून बघा. पेटीच्या वरच्या सप्तकाला ट्यूबचा ओरखडा फार सुंदर बसतो.

आता या डबीला एक नवं काम मिळालं आहे. न्यूरल ॲम्प मॉडेलर या मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरने खऱ्या ॲम्पची हुबेहूब डिजिटल प्रतिकृती घेता येते. काही मिनिटांची ठरावीक टेस्ट फाइल इंटरफेसमधून ॲम्पमध्ये वाजवायची, बाहेर येणारा आवाज रेकॉर्ड करायचा आणि दोन्हींची तुलना करून संगणक तो ॲम्प शिकतो. फाइल इंटरफेसमधून ॲम्पपर्यंत न्यायला रीॲम्प बॉक्सच कामी येतो. मित्राकडचा किंवा तासावर घेतलेल्या प्रॅक्टिस रूममधला मोठा ॲम्प एका दुपारी पूर्ण उघडून असा टिपून आणला, की पुढे रात्री अकरालाही तो हेडफोनमध्ये मिळतो. फक्त टेस्ट फाइल वाजवताना बॉक्सची खुंटी टेपच्या रेघेवर ठेवा आणि घरी वाजवताना इंटरफेसचा गेनही त्याच खुणेवर. पातळी चढली तर प्रतिकृती खऱ्या ॲम्पपेक्षा लवकर फाटते, उतरली तर उशिरा.